आजीला मोठ्याने वाचून दाखव

आई, बाबा, नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय. बाबा, तुम्ही बातम्या बघून उगाच घाबरू नका, अंधार पडल्यावर मी एकटी कुठेच जात नाही. आई, पुढचं आजीला वाच.

आजी, तू विचारलंस ना, झाडपाल्याचंच काम करायचं तर दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला कशाला, आपल्या परड्यात कुडा काय कमी आहे? नाही गं कमी. पण इथेही हगवणीवर अशीच साल उकळून देतात, मारुलाची. आपल्या आंब्याच्याच कुळातलं झाड. बाजारातल्या गोगोंनी (इथे आजीला गोगो म्हणतात) एक तुकडा चघळायला दिला, तोंड असं आकसलं की तुझी डाळिंबाची सालच आठवली.

त्या गोगोंमुळे एक कळलं. त्या म्हणाल्या 'जस्ट नाऊ' देते, मी उभीच राहिले, दोन तास! इथे 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता नाही, नंतर, कदाचित दुपारी. 'नाऊ नाऊ' म्हणजे त्याच्या आधी, थोड्याच वेळात, आणि खरंच आत्ता हवं असेल तर 'राइट नाऊ' म्हणायचं. कोणी फसवत नाही, सगळ्यांना तसंच कळतं.

आता जंतूंचं. आई, ग्लोव्ज असतात, बंद कॅबिनेटमध्ये काम असतं, मी काही निष्काळजी नाही. ९६ छोट्या वाट्यांची प्लेट असते, प्रत्येक पुढच्या वाटीत सालीचा अर्क निम्मा होत जातो, जंतू घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं आणि सकाळी एक रंग टाकायचा. जंतू जिवंत असतील तिथे लालसर गुलाबी होतं. ही पद्धत इथल्याच प्राध्यापक एलॉफ यांनी १९९८ मध्ये मांडली. परवा स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूच्या रांगेत पहिल्या चार वाट्या स्वच्छ राहिल्या, पण ई. कोलायची, म्हणजे जुलाब करू शकणाऱ्या जंतूची, अख्खी रांग लाल. हगवणीचं काम आणि नेमकी तीच रांग लाल, मला रडूच आलं.

मग मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चचं २००९ चं काम परत वाचलं, कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचं. त्यात एकाही जातीचे बॅक्टेरिया मेले नव्हते, पण ते पेशींना कमी चिकटत होते आणि कॉलराचं विषही कमी तयार होत होतं. म्हणजे वाटी लाल झाली म्हणून साल वाया गेली असं नाही, आणि वाटी स्वच्छ राहिली म्हणून माणूस बरा होईल असंही नाही. आता मी हे चिकटण्याचं तपासणार आहे.

पण आजी, कुड्याचा काढा घे नाहीतर नको घेऊ, जुलाब लागले की आधी पाणी. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, घोट घोट. जीव पाणी कमी झाल्याने जातो गं. तीन दिवस सलाइनवर होतीस आणि मला दादाच्या तोंडून आठवड्याने कळलं. मला काळजी नको म्हणून लपवलंत, कळतं मला, पण असं नका करू.

बाबा, १५ हजार टाकलेत, हॉलच्या अ‍ॅडव्हान्सला धरा, पुढच्या महिन्यात अजून टाकते. मालवणच्या स्थळाला थांबवून ठेवू नका, माझं अजून दीड वर्ष आहे. दादाच्या लग्नाला सुट्टी चारच दिवस मिळतेय, हळदीला पोचणार नाही बहुतेक. वहिनीला मी सांगेन, तुम्ही नका सांगू. आजी, माझ्या वाटची हळद तू लाव तिला.

तुमची,
मनू