इयन जॅक यांना नुसतं ‘रेल्वेवेडे’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इयन जॅक यांच्यावरचा लेख वाचला. स्कॉटलंडच्या एका स्तंभलेखकासाठी आपण अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेख वाचून इतका त्रास झाला की आज सकाळी पहिलं काम म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

लेखात तीन वेळा त्यांना ‘इंग्रज पत्रकार’ म्हटलं आहे. जन्म इंग्लंडच्या लँकेशायरमधला, हे खरं. पण आईवडील स्कॉटिश, आणि ते वाढले स्कॉटलंडच्या फाइफमधल्या नॉर्थ क्वीन्सफेरीत, फोर्थच्या खाडीवरच्या रेल्वे पुलाच्या पायथ्याशी. वडील फिटर होते. कारखाने, जहाजं, इंजिनं आणि ती चालवणारी माणसं हा त्यांच्या घरातलाच विषय होता. तो वगळून त्यांचं लिखाण समजतच नाही.

यापेक्षाही खटकलं ते ‘वाफेच्या इंजिनांत रमलेला रेल्वेवेडा’ हे वर्णन. ‘मुफस्सिल जंक्शन’ या त्यांच्या भारतावरच्या पुस्तकाचं नाव आपण घेतलंत, पण इंग्लंडमधल्या हॅटफिल्डच्या रेल्वे अपघाताचा साधा उल्लेखही नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी तिथे घसरली, चार माणसं गेली. वळणावरच्या रुळाच्या आतल्या कडेला केसासारख्या चिरा पडल्या होत्या. त्या रुळाच्या मालक कंपनीला माहीत होत्या, तरी रूळ बदलायचा राहिला. गाडी वरून गेली आणि रुळाचे तीनशेहून जास्त तुकडे झाले. जॅक यांनी त्यावर छोटं पुस्तक लिहिलं. रेल्वेचं खासगीकरण झाल्यावर रूळ एकाच्या मालकीचा, देखभाल दुसऱ्या ठेकेदाराची, गाडी तिसऱ्याची, अशी वाटणी झाली आणि रुळाची जबाबदारी कशी कुणाचीच उरली नाही, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवलं. माझ्या मुलीने पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते मला आणून दिलं. मी एकतीस वर्षं रेल्वेत रुळांचंच काम केलं. कचेरीत बसून लिहिणाऱ्या माणसाला रूळ इतका कळलेला मी दुसरा पाहिला नाही.

आणि मणिहारी घाट? भारतप्रेमावर एवढं लिहिताना तो कसा सुटला? ६ ऑगस्ट १९८८ ला बिहारमध्ये गंगेत लाँच उलटली, सुमारे चारशे माणसं बुडाली. श्रावणात शंकराच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू त्यांत होते. दोष बुडालेल्यांच्याच चंचलपणावर ढकलला गेला. जॅक यांनी ते टिपून ठेवलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली आणि पोलिसांनी मेलेल्या प्रेक्षकांकडेच बोट दाखवलं, तेव्हा जॅक यांनी या दोन्ही घटना एकाच लेखात शेजारी ठेवल्या. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्वाळा यायला २०१६ साल उजाडलं.

हे मला एवढं का लागतं, ते सांगतो. १९९४ च्या पावसाळ्यात आमच्या गँगचा कीमन, म्हणजे रुळाच्या चाव्या तपासून ठोकणारा कामगार, गेला. डबल लाइन होती. एका बाजूने मालगाडी खडखडत जात होती, तिच्या आवाजात दुसऱ्या बाजूचं इंजिन त्याला ऐकू आलं नाही. तो वाकून चाव्या ठोकत होता. मी पोचलो तेव्हा त्याचा हातोडा खडीत पडला होता आणि जेवणाचा डबा किलोमीटरच्या दगडावर तसाच होता, फडक्याची गाठही सुटलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात चार ओळी आल्या: रूळ ओलांडताना निष्काळजीपणामुळे रेल्वे कर्मचाऱ्याचा मृत्यू. अहो, तो रूळ ओलांडत नव्हता, रूळ सांभाळत होता! मी त्या दैनिकाला दोन पत्रं पाठवली. एकही छापलं नाही. त्याच्या बायकोने ते कात्रण पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव पेपरात आलं, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी फक्त नाव वाचलं.

शेवटच्या वर्षांत जॅक स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावर राहत आणि त्या किनाऱ्यावरच्या फेरीबोटींबद्दल पोटतिडकीने लिहीत. पोर्ट ग्लासगोच्या गोदीत २०१७ साली एका बोटीचं जलावतरण झालं, तेव्हा ती अर्धवटच होती, तिच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. त्या रखडलेल्या बोटींवरचा त्यांचा दीर्घ लेख सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २८ ऑक्टोबरला ते गेले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने शेवटपर्यंत असं काम केलं, त्याला ‘आठवणीत रमलेला’ म्हणायचं?

जाता जाता आणखी एक. लेखाला दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचं चित्र लावलंत, त्याऐवजी जॅक यांचं छायाचित्र हवं होतं. आणि वाचकांच्या पत्रांचा कोपरा आपण दीडशे शब्दांवर आणला आहे, हे मला माहीत आहे. कापायचंच असेल तर दार्जिलिंगचा मजकूर कापा. कीमनचा परिच्छेद मात्र आहे तसा छापावा, ही हात जोडून विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त पीडब्ल्यूआय (रेल्वेमार्ग निरीक्षक), दौंड