खडीचा दुसरा डंपर मी थांबवलाय

रत्नागिरी, १२ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी काय रागवायचं ते रागवून घ्या. स्लॅबच्या खडीचा दुसरा डंपर मी परस्पर फोन करून थांबवला. खडीवाल्या काकांना 'हा माझा हट्ट, बाबांना ठाऊकसुद्धा नाही' असंच सांगितलं. तुमचा शब्द कुठे खाली पडू दिला नाही.

गेल्या रविवारी निघताना डिकीत टाकलेलं दुसरं पोतं आंब्यांचं नव्हतं, खडीचं होतं. आई म्हणाली, "केवढं जड गो बाय," तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पोतं आधी ढिगाच्या पायथ्याशीच भरलं होतं. मग लक्षात आलं, मोठे तुकडे घरंगळून कडेला येतात आणि बारीक माल आत दडतो. ओतून टाकलं नि वरून, मधून, पलीकडून, अशा दहा जागांची खडी घेतली. मी काकांवर खार खाऊन मुद्दाम वाईट माल उचलला, असं कुणी म्हणायला नको.

लॅबमध्ये ढिगाचे चार वाटे करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, परत चार, असं करत दोन किलोंवर आणली. ओव्हनमध्ये वाळवून मोजली, २,००० ग्रॅम. चाळण्या एकावर एक: ४०, २०, १०, ४.७५ मिमी आणि तळाला ताट. आई, अडकलेला खडा बोटाने दाबून खाली ढकलायचा नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. तू कणी चाळायचीस, मी तुझ्या मांडीला टेकून चाळणीत बोट घालायचे आणि तू हातावर चापट द्यायचीस. कालही माझा हात आपसूक मागे आला.

२० च्या चाळणीवर ८० ग्रॅम राहिली, १० च्यावर ९००, ४.७५ वर ६४० आणि ताटात ३७६. चार ग्रॅम कुठे उडाली कोण जाणे, तेवढं चालतं. मोठ्या खडीची तक्रार नाही, पण ४.७५ मधून जवळजवळ १९ टक्के खाली गेली. आयएस ३८३ या खडीच्या भारतीय मानकात २० मिमीच्या मिश्र खडीला १० टक्क्यांची मर्यादा आहे. दगड चांगला काळाच आहे हो, काका फसवतायत असं माझं म्हणणं नाही. क्रशरची जाळी तुंबली असेल, नाहीतर लोडरने तळाची कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, खरवडून भरली असेल. पण एवढी कच पाणी पिते, मग गवंडी मालात वरून पाणी ओतणार आणि स्लॅब कच्चा राहणार. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आतली सळई किती टिकते? पडवीचं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आठ दिवस उशीर होईल, मृगाच्या आत स्लॅब नक्की पडेल. तोवर न्हाणीघराचे हाल होणार, त्याचंच मला वाईट वाटतंय. आई, रात्री मागीलदारी एकटी जाऊ नकोस. दारावर मोठा दिवा लावायला वायरमनला सांगितलंय, तो उद्या येईल. कमोडची खुर्ची मी शनिवारी घेऊन येते. नको म्हणू नकोस, घेऊन झालीय. गरम पाण्याला बंबच बरा, पण लाकडं बाबांनी फोडायची नाहीत.

बाबा, पहिला ढीग वाया जाणार नाही. गवंड्याच्या उभ्या चाळणीवर मारून घ्या, खाली पडेल ती कच अंगणात चोपायला होईल. तुम्ही फावड्याला हात लावायचा नाही, गडी लावा. धुरळ्यात उभंही राहू नका, तो खोकला अजून गेलेला नाही, फोनवर ऐकू येतो मला. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, चहाच्या आधी. काकांना चहाला बोलवा, पण खडीचा विषय काढू नका, मी आल्यावर बोलेन.

आणि आई, भाताचं एक पोतं कमी भरतंय म्हणून शोधत असशील. ते माझ्याकडे आहे, धुऊन आणते.

तुमची,
बाय