आधी कर्नल कोरा, मग तक्रार

महोदय,
विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुनी यंत्रे लिनक्सवर आणण्याचे सल्ले वाढले. पुढे यंत्र गोठले, तक्रार पाठवली, की उत्तर येते: ‘कर्नल टेंटेड आहे, बाहेरचे मॉड्यूल काढून पुन्हा करून दाखवा.’ कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा भाग आणि टेंटेड म्हणजे डागाळलेला. अनेकांना ही टोलवाटोलवी वाटते. ती तशी नाही.

कर्नल आणि त्यातली सगळी मॉड्यूल्स एकाच मेमरीत नांदतात. एखाद्या बंद, म्हणजे सोर्स (मूळ कोड) उघड न केलेल्या, ड्रायव्हरने भलत्याच पत्त्यावर चार बाइट लिहिले, तर कोसळते फाइल सिस्टीम आणि ‘ऊप्स’च्या, म्हणजे कर्नलने स्वतः लिहिलेल्या बिघाडाच्या, नोंदीत नाव येते तिचेच. सोर्स हाती नसताना खरा गुन्हेगार शोधायचा कसा?

‘कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’ चालवा. शून्य म्हणजे कोरा. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरने ४०९७ दिसतो: बंद परवान्याचा १ आणि कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचा म्हणून ४०९६. मॉड्यूलवर डिजिटल सही नसेल तर आणखी ८१९२. व्हर्च्युअलबॉक्सचे (संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामचे) मॉड्यूल मुक्त परवान्याचे, त्यामुळे १ लागत नाही; ४०९६ मात्र सुटत नाही. (२००४ मध्ये लिनक्सअँटच्या मोडेम ड्रायव्हरने परवान्यात ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याच्या नावानंतर शून्य बाइट घुसवून, म्हणजे मजकूर तिथेच संपल्याचे भासवून, कर्नललाच गंडवले होते!)

नेहमीची चूक म्हणजे ‘आरएममॉड’ने मॉड्यूल उतरवून मोकळे होणे. आकडा रीबूटपर्यंत उतरत नाही, आणि ते मुद्दाम आहे. बिघाड आधीच होऊन गेलेला असू शकतो. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये त्या मॉड्यूलसाठी ब्लॅकलिस्ट लिहा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चढणारी छोटी फाइल सिस्टीम) पुन्हा बांधा, रीबूट करा. ब्लॅकलिस्टने फक्त आपोआप चढणे थांबते. व्हर्च्युअलबॉक्सची सर्व्हिस मॉड्यूल नाव घेऊन चढवते, तेव्हा तीही बंद करा. शून्य दिसल्यावरच बिघाड पुन्हा घडवून पाहा.

पैसे भरून घेतलेल्या पाठिंब्यालाही हेच लागू. सुसे एंटरप्राइज १५ या व्यावसायिक लिनक्समध्ये तर ‘अलाउ_अनसपोर्टेड_मॉड्यूल्स १’ असे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय पाठिंब्याबाहेरचे मॉड्यूल चढतच नाही. लिहिलेत, की जबाबदारी तुमची.

कोऱ्या कर्नलवर बिघाड नाहीसा झाला तर ड्रायव्हर बनवणाऱ्याला धरा. राहिला तर डिस्ट्रोकडे (तुमचे लिनक्स बनवणाऱ्यांकडे) पूर्ण ‘डीमेसेज’ (कर्नलच्या संदेशांची नोंद) पाठवा, बूटपासूनचा. त्यात पहिला ऊप्स हवाच. त्यानंतरच्यांवर ‘डी’ (कर्नल आधीच एकदा कोसळला) ही खूण लागलेली असते आणि त्यांच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

— एक सिस्टीम अ‍ॅडमिन, पुणे