माजघर पाडायच्या आधी

कॉव्हेंट्री, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, माजघरातला खांब बुडाशी कुजला म्हणून सगळंच पाडून स्लॅब टाकू, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ते डोक्यात घोळवतच काल स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरीला जाऊन आले. शेक्सपिअरच्या बायकोचं, ॲन हॅथवेचं माहेर. नाव 'कॉटेज', पण मुळात शेतकऱ्याचं घर, चांगलं बारा खोल्यांचं! जुना भाग १४६३ च्या सुमाराचा, आणि छप्पर अजून शाकारलेलंच. आई, आपल्या जुन्या गोठ्यासारखं, फक्त भलतंच जाड आणि दर पावसाळ्याआधी शाकारायची कटकट नसलेलं.

वरच्या मजल्यावर मी बराच वेळ रेंगाळले. ओकची दोन वाकडी लाकडं खालून निघून थेट आढ्यापाशी भिडतात, नमस्काराला हात जोडावेत तशी. जोडाला लाकडी खुंट्या. छपराचा भार त्यांच्यावर, भिंतींवर नाही. भिंती म्हणजे आपला कूडच की, काठ्या विणून वर मातीचा लेप.

आधी या घराला धुराडंही नव्हतं. मधोमध चूल आणि धूर छपरातून वाट काढेल तसा. पुढे धुराडी बांधली, मग त्या उंच माजघरावर तक्तपोशी टाकून वर खोल्या काढल्या. एका धुराड्यावर दुरुस्ती करणाऱ्या जॉन हॅथवेची आद्याक्षरं आणि १६९७ साल कोरलंय. आपल्या चौकटीवरचा पणजोबांचा शके आठवला. १९६९ मध्ये तर आग लागून बरंच जळलं, तेही पुन्हा उभं केलं.

इकडे खांब बुडाशी कुजला तर छपराला टेकू देतात, कुजका भाग कापतात आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा खाचेत बसवतात. आपला खांब सागाचा आहे, बाबा. पेचकसाने टोचून बघा, जोत्यापासून किती वरपर्यंत भुसभुशीत लागतो ते. वीतभरच असेल तर आधी सुताराला बोलवा, मग ठेकेदाराला.

आई, तुझी तक्रार मात्र खरी. रात्री पावसात अंगण ओलांडून न्हाणीत जायचं, हे या गुडघ्यांनी आता नको. मागच्या पडवीत संडास-बाथरूम काढूया, पैसे मी पाठवते. पडवीची लांबी-रुंदी मोजून फोटोसकट कळव. टेप देवघराखालच्या खणात आहे.

तुमची,
मनू