परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात उरकला जाणारा सिनेमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील चित्रपट परीक्षणे मी नेमाने वाचते. कथानक, संवाद आणि अभिनय यांविषयी त्यांत साक्षेपाने लिहिलेले असते. मात्र जवळजवळ प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी तेच ठरावीक वाक्य येते: छायालेखन नेत्रसुखद, पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसे, कला दिग्दर्शन चोख. दोन-तीन विशेषणांत हे सारे उरकले जाते आणि वाचकाची अशी समजूत होते की चित्रपटाचा अर्थ कथेत असतो, पात्रांच्या तोंडून तो आपल्यापर्यंत पोहोचतो आणि प्रकाश, ध्वनी, नेपथ्य ही वरून केलेली सजावट असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती रुजण्यात वृत्तपत्रीय परीक्षणांचाही वाटा आहे, असे वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'मधला (१९५५) हरिहर घरी परततो तो प्रसंग पाहावा. बरेच दिवस परगावी राहिलेला बाप घरच्यांसाठी आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो आहे. आपली मुलगी या जगात नाही, हे त्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो पत्नीच्या हाती देतो आणि इतका वेळ मुकाट राहिलेल्या सर्वजयेचा बांध फुटतो. तिचा आक्रोश आपल्याला दिसतो, पण ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा उंच, चिरत जाणारा स्वर उमटतो. अभिनेत्रीचे रडणे जसेच्या तसे ऐकवले असते, तर ते एका घरातल्या एका आईचे रडणे राहिले असते. माणसाचा आवाज काढून घेतल्यावर ते दुःख कोणा एकीच्या गळ्यात मावेनासे होते आणि हरिहरला शब्दही न सांगता सगळे कळते. पटकथेत या जागी 'ती रडू लागते' एवढेच लिहिलेले असते, तरी चालले असते. पडद्यावर जे घडते, ते ध्वनीच्या निवडीतून घडते. असा निर्णय 'साजेसे' या एका शब्दात कसा बसवायचा?

आवाज काढून घेण्याची ताकद मराठी प्रेक्षकाने 'सैराट'च्या (२०१६) अखेरीस अनुभवली आहे. मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने दुथडी भरून वाहणारी गाणी ज्या चित्रपटाच्या पूर्वार्धात आहेत, त्याच चित्रपटाच्या शेवटी लहान मूल रडत असते आणि ध्वनिपट्टी गप्प असते. तेथे करुण व्हायोलिन वाजवणे किती सोपे होते! तसे केले असते तर प्रेक्षकाला रडायला आधार मिळाला असता. तो आधार दिग्दर्शकाने नाकारला, म्हणूनच ते दृश्य पाहून बाहेर पडणाऱ्यांना बोलणे सुचत नव्हते. पूर्वार्धातले संगीत आणि शेवटची शांतता यांचा विचार एकत्रच करावा लागतो. एकाशिवाय दुसऱ्याला इतके वजन आले नसते. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. चित्रपटातली नेहमीची शांतता ही आवाजविरहित नसते. रिकाम्या खोलीलाही तिचा स्वतःचा मंद आवाज असतो. चित्रीकरणाच्या जागी सर्वांना काही क्षण स्तब्ध उभे करून ध्वनिमुद्रक तो मुद्दाम टिपून ठेवतो. त्याला रूम टोन म्हणतात आणि संवादांच्या मधल्या फटी त्याने भरल्या जातात. हा तळाचा आवाजही नाहीसा झाला की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते.

चौकटीबाहेरून येणाऱ्या आवाजाचे सामर्थ्य तर वेगळेच. 'द गॉडफादर'मध्ये (१९७२) गुन्हेगारी कुटुंबातला धाकटा मुलगा मायकल उपाहारगृहात समोरच्या दोघांवर गोळ्या झाडण्यापूर्वी पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतो तो जवळून जाणाऱ्या आगगाडीचा वाढत जाणारा कर्कश आवाज. गाडी कुठेच दिसत नाही. कॅमेरा मायकलच्या चेहऱ्यावर स्थिर आहे आणि त्याच्या आत चाललेली खळबळ त्या चाकांच्या किंचाळण्यातून आपल्यापर्यंत पोहोचते. 'फँड्री'मध्ये (२०१३) डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाच्या कानी शाळेतले राष्ट्रगीत पडते. त्या कुटुंबातला शाळकरी मुलगा जब्या जागीच उभा राहतो, घरचेही थबकतात आणि डुक्कर मात्र आपल्या वाटेने चालू लागते. सन्मानाने उभे राहायला शिकवणारी शाळा आणि ज्यांना त्या गावात सन्मान नाही ती माणसे, हे दोन्ही एका आवाजाने एकाच जागी आणून उभे केले. त्यावर पात्रांनी चकार शब्द काढलेला नाही. ही जाण आपल्याकडे आजची नाही. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून दृश्यातल्याच आवाजांवर भिस्त ठेवली होती, आणि त्या वेळी आपला बोलपट जेमतेम सहा वर्षांचा होता.

प्रकाशाविषयी लिहिताना 'नेत्रसुखद' हा शब्द तर मला विशेष खटकतो, कारण चांगला प्रकाश पुष्कळदा डोळ्यांना सुख देण्यासाठी योजलेला नसतोच. वर उल्लेखिलेल्या 'गॉडफादर'मध्ये छायालेखक गॉर्डन विलिस यांनी कुटुंबप्रमुख डॉन कॉर्लिऑनेच्या चेहऱ्यावर थेट वरून प्रकाश सोडला, त्यामुळे त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठला. ज्याच्यापुढे माणसे न्याय मागायला येतात, त्याच्या मनात काय चालले आहे हे डोळ्यांत पाहून ओळखण्याची सोय आपल्याला ठेवलेली नाही. त्याच वेळी घराबाहेर लग्नाचा सोहळा लख्ख उन्हात चालू आहे. बाहेरचा उजेड आणि आतला काळोख यांचे हे जोडपे म्हणजे त्या कुटुंबाची दोन तोंडे आहेत, आणि ती आपल्याला कथेची सुरुवात होतानाच दिसतात. याच्या अगदी उलट वाट 'अपराजितो'मध्ये (१९५६) दिसते. काशीतल्या जुन्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. अशा चौकात वरून झिरपणारा उजेड पसरट असतो, त्याची ठळक सावली पडत नाही. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटच्या माथ्यावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावरून परतवून खाली आणला. परिणाम असा झाला की सेट असल्याचा संशयही येत नाही आणि त्या घरातली माणसे नाटकी उजेडात उभी केलेली पात्रे वाटत नाहीत. प्रकाश कोठून येतो आहे हे प्रेक्षकाच्या लक्षातही येऊ नये, हीच तेथली कामगिरी आहे. तिला दाद द्यायची तर परीक्षकाने तिच्याकडे बोट दाखवावे लागते, कारण ती स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही.

चौकटीत कोण कुठे उभे आहे, कोण कोणाच्या पाठीमागे आहे, दार उघडे आहे की लोटलेले, वस्तू कोणत्या आहेत, वेशभूषा कशी आहे, या सगळ्या मांडणीला चित्रपटाचे अभ्यासक 'मिझाँसेन' म्हणतात. ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) लहान मुलाला घरापासून दूर पाठवण्याचा निर्णय होतो, तेव्हा आई आणि बँकवाला माणूस कॅमेऱ्याजवळ टेबलाशी कागदपत्रे घेऊन बसले आहेत, बाप थोडा मागे विरोध करतो आहे आणि पार मागे, खिडकीच्या चौकोनात, मुलगा बर्फात खेळतो आहे. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी जवळचे टेबल आणि दूरची खिडकी दोन्ही सारखीच स्पष्ट ठेवली. मुलाचे वेगळे दृश्य मध्ये जोडले असते, तर 'आता याची कीव करा' अशी ती सूचना झाली असती. येथे सही आणि खेळ एकाच वेळी, एकाच चौकटीत चालू राहतात आणि ज्याच्या आयुष्याचा निकाल लागतो आहे तोच चौकटीतला सर्वांत लहान आकार असतो. आपल्याकडच्या 'कोर्ट'मध्येही (२०१४) कॅमेरा बहुतांश वेळ दूर आणि स्थिर राहतो. कोणाचाही चेहरा मोठा करून तो दाखवत नाही, म्हणून न्यायालयाची संथ, निर्विकार चाल आपल्यालाच सोसावी लागते.

सामान्य प्रेक्षकाला हे कळत नाही, मग परीक्षणात जागा का अडवायची, असे यावर म्हटले जाईल. मला हे पटत नाही. प्रेक्षकाला हे सारे जाणवते. त्याशिवाय 'सैराट'च्या शेवटी नाट्यगृहासारखी चित्रपटगृहे स्तब्ध झाली नसती. आपल्याला जे जाणवले त्यामागे कोणते निर्णय होते, हे मात्र कोणीतरी दाखवून द्यावे लागते आणि परीक्षकाचे काम तेथेच सुरू होते. दाखवून न दिल्याचे परिणामही दिसतात. मुद्दाम अंधारे ठेवलेले दृश्य पाहून 'प्रिंट खराब आहे' अशी तक्रार होते आणि चित्रपट मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर पाहिला जातो, जेथे खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. भीती निर्माण करण्यासाठी योजलेली खोल घरघर तेथे नाहीशी होते आणि मग दृश्य परिणामकारक नसल्याचा दोष दिग्दर्शकाच्या माथी येतो.

याचा अर्थ प्रत्येक सुंदर चौकट अर्थपूर्ण असते, असे माझे म्हणणे नाही. उगाचच आकाशातून घेतलेली ड्रोनची दृश्ये, प्रत्येक दुःखद प्रसंगी कानठळ्या बसवणारे संगीत आणि सर्व ऋतूंत सारखाच सोनेरी प्रकाश यांवर परीक्षकांनी कठोरपणे लिहायला हवे. कसोटी अवघड नाही: तो प्रकाश किंवा तो आवाज बदलला तर प्रसंगाचा अर्थ बदलतो का, हे पाहावे. बदलत नसेल, तर ती खरोखर सजावट आहे आणि तिला तसे म्हणावे.

आपल्याकडे माझी विनंती मर्यादित आहे. प्रत्येक परीक्षणात एखाद्या तरी प्रसंगातील प्रकाश, ध्वनी आणि मांडणी यांचा उलगडा करण्याइतकी जागा परीक्षकांना द्यावी, त्यासाठी कथासार थोडे आखडते घ्यावे लागले तरी वाचकाचे नुकसान होणार नाही. तसेच परीक्षणासोबतच्या चौकटीत कलावंत आणि दिग्दर्शक यांच्या बरोबरीने छायालेखक, ध्वनिसंयोजक आणि कला दिग्दर्शक यांचीही नावे छापावीत.

आपली नम्र,
एक वाचक