सुहासला पत्र : गेम आपल्या डिस्कवर की त्यांच्या सर्व्हरवर?

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोललो असतो तर निम्मं सांगायचं राहून गेलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. हे पत्र अथर्वच्या संगणकाजवळच ठेव.

शंभर एमबीपीएसचा प्लॅन सोडून तीनशेचा घेतला तर त्याचे गेम मध्येच तुटायचे थांबतील का, असं तू विचारलंयस. थांबणार नाहीत. ते पैसे वाचव. सतत नेट मागणारा गेम खेळताना तासाला साधारण पन्नास ते तीनशे एमबी डेटा खातो, म्हणजे फोनवरच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी. त्याला वेग नको असतो, सातत्य हवं असतं. व्हिडिओ पुढचा अर्धा मिनिट आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे नेट चार सेकंद गेलं तरी तुला कळत नाही. गेमला पुढचं काही साठवता येत नाही. अथर्व पुढच्या क्षणी कुठलं बटण दाबणार हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गेम आणि सर्व्हर, म्हणजे कंपनीचा दूरवरचा संगणक, सेकंदाला कित्येकदा एकमेकांशी बोलत राहतात, आणि काही सेकंद उत्तर आलं नाही की सर्व्हर खेळाडू गेला असं धरून त्याला बाहेर काढतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधू. संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड. पहिलीत पिंग (ping) लिहून राउटरचा पत्ता टाक; समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. बहुतेक तो 192.168.1.1 असतो, नसला तर राउटरच्या खालच्या स्टिकरवर असेल. दुसरीत पिंग आणि 8.8.8.8, हा गूगलचा बाहेरचा पत्ता. दोन्हींच्या शेवटी जागा सोडून हायफन आणि टी लिही, म्हणजे आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. मग अथर्वला खेळू दे. गेम तुटला की कंट्रोल आणि सी दाबून दोन्ही खिडक्या थांबव आणि आकडे वाच. राउटरकडून उत्तर यायची वेळ एक ते पाच मिलिसेकंद असायला हवी. तीच मध्येमध्ये शंभर-दीडशेवर उडत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे, केबलवाल्याला फोन करू नकोस. राउटरचे आकडे स्वच्छ आणि बाहेरचे खराब असतील तर मात्र दोष त्याच्या बाजूचा. बाहेरच्या खिडकीत शंभरातली एक-दोन पॅकेट, म्हणजे डेटाची छोटी पुडकी, जरी हरवत असतील तरी गेमला ते जाणवतं. स्पीड टेस्टमध्ये तरीही शंभरच्या शंभर दिसतील, म्हणून तो स्क्रीनशॉट दाखवून कुणी तुझं तोंड बंद करायला लागलं तर ऐकून घेऊ नकोस.

वायफायचा दोष निघाला तर पहिला उपाय स्वस्त: राउटरपासून संगणकापर्यंत नेटची कॅट-6 केबल. तुझा राउटर हॉलमध्ये आणि संगणक माडीवर, म्हणजे पंधरा-वीस मीटरमध्ये काम होईल. शंभर मीटरपर्यंत ही केबल काही कुरकुर करत नाही. केबल टाकता येत नसेल तर संगणक वायफायच्या 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोड. 2.4 वर शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर गर्दी करतात. 2.4 च वापरावं लागलं तर चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकीच एक ठेव, कारण मधले चॅनल दोन्ही बाजूंच्या लहरींत घुसतात.

आणखी एक गोष्ट घरोघरी असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वहिनींचा फोन वायफायवर आला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला चढायला लागतात. अपलोड पूर्ण भरलं की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते, गेमची चिमुकली पॅकेटं त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात आणि वीसचा पिंग तीनशेवर जातो. हे तपासायला पिंग चालू ठेवून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवून बघ. आकडा उडाला तर राउटरच्या क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोलमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या 85 ते 90 टक्क्यांवर बांध. वेग थोडा जातो, पण रांग तुझ्या ताब्यात येते. राउटरमध्ये ती सोय नसेल तर बॅकअप फोन रात्री चार्जिंगला असतानाच होईल असं सेटिंग कर.

दोष बाहेरचा असेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे बघ. पॉन (PON) नावाचा दिवा हिरवा स्थिर असावा. लॉस (LOS) नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाहीये: फायबर तुटली, कुठेतरी काटकोनात दाबली गेली, किंवा केबलवाल्याच्या खोलीतलं ओएलटी, म्हणजे सगळ्यांच्या फायबरमध्ये प्रकाश सोडणारं यंत्र, लाइटीबरोबर बंद पडलं. खांबावर एक फायबर अनेक घरांना वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, ओएलटीला लागते. म्हणून गावातली लाइट गेली आणि तुझ्या घरी इन्व्हर्टर असूनही लॉस लाल झाला, तर केबलवाल्याकडे विजेचा बॅकअप नाही का, हे सरळ विचार. पॉन हिरवा आणि फक्त इंटरनेटचा दिवा गेला असेल तर फायबर ठीक आहे, बिघाड पुढे आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. तो उणे 15 ते उणे 24 असला की उत्तम. उणे 27 च्या पलीकडे गेला की ओढाताण सुरू होते, आणि अशीच लाइन पावसात दिवसभर ये-जा करते. माणूस आला की त्याला हा आकडा दाखव, म्हणजे नुसता राउटर बंद-चालू करून जाणार नाही. कनेक्टर पुसेल, नाहीतर जोड नव्याने मारेल. त्या हिरव्या कनेक्टरच्या टोकाला तू हात लावू नकोस आणि त्यात डोळा घालून तर मुळीच बघू नकोस.

लाइट जाते तेव्हासाठी राउटरला वेगळा मिनी यूपीएस लाव. संगणकाचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतो, आणि इन्व्हर्टरवर बदल होताना काही राउटर रीस्टार्ट होतात. तीन सेलचा मिनी यूपीएस साधारण 28 वॅट-अवर देतो आणि राउटर आठ-नऊ वॅट घेतो, म्हणजे दोन-अडीच तास धर. घेण्याआधी अडॅप्टरवरचं वाच: बहुतेक 12 व्होल्ट असतं, पण 9 चेही डबे आहेत, आणि अँपिअर यूपीएसवर तेवढे किंवा जास्त असावेत. पिनेची जाडी आणि धन-ऋणाची खूणही जुळव.

नेट गेल्यावर फोनचा हॉटस्पॉट चालू केला तरी अथर्वला बाहेर का फेकतात, असंही तू लिहिलंयस. हॉटस्पॉटवर गेलं की बाहेर दिसणारा आयपी पत्ता बदलतो. सर्व्हरच्या दृष्टीने जुना खेळाडू गायब झाला आणि भलत्याच पत्त्यावरून कुणी नवा आला. त्यामुळे पुन्हा लॉगिन. हॉटस्पॉटने परत आत जाता येतं, चालू डाव वाचत नाही. आणि हॉटस्पॉटवर असताना आपोआप होणारं अपडेट बंद ठेव. दीड जीबी रोजचा डेटा खेळायला पुरून उरतो, पण एखादं अपडेट वीस-तीस जीबीचं निघतं. स्टीम, म्हणजे गेम विकणारं-चालवणारं अॅप, त्याच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्समध्ये अपडेटची वेळ बांधून देता येते, पहाटेची दे.

समोरासमोर खेळायच्या गेममध्ये सर्व्हर कुठे आहे तेही निवड. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2 चे सर्व्हर मुंबईत आहेत. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाऊन यायला निव्वळ अंतराचे तीन मिलिसेकंदही लागत नाहीत. बाकीचा वेळ मधली यंत्रं खातात. सिंगापूरला जाऊन यायला मात्र अंतराचेच चाळीसच्या वर लागतात, आणि ते कुठल्याही प्लॅनने कमी होत नाहीत.

इथपर्यंत तारांचं झालं. आता जे माझ्या मनाला जास्त लागतं ते.

अथर्व मित्रांशी खेळतो त्या गेमला नेट हवंच, त्यात तक्रार नाही. दहा जणांचं मैदान कुठेतरी एका जागी असायलाच हवं. पण तो एकटा बसून जे खेळतो, त्यातल्या कितीतरी गेमना नेटची खरी गरज नसते, ती लादलेली असते. डायब्लो 3 बघ. 15 मे 2012 ला आला, संगणकावर एकट्याने खेळायलाही नेट सक्तीचं, आणि पहिल्याच दिवशी लाखो लोक लॉगिन करताना एरर 37 वर अडकले. तोच गेम पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर आला तो नेटशिवाय चालणारा. 2013 च्या मार्चमध्ये सिमसिटी आला तेव्हा सांगितलं गेलं की शहराची गणितं सर्व्हरवर होतात, म्हणून नेट लागतं. काही दिवसांतच एका हौशी माणसाने तो नेटशिवाय चालवून दाखवला, आणि वर्षभराने कंपनीने स्वतःच ऑफलाइन मोड दिला. ग्रान टुरिस्मो 7 तर मार्च 2022 मध्ये एका अपडेटच्या घोळात तीस तासांहून जास्त बंद होता, आणि विकत घेतलेल्या गाड्या सर्व्हरवर असल्यामुळे एकट्याने खेळणाऱ्यांनाही जवळजवळ काहीच करता येईना.

सगळ्यात वाईट द क्रू या गेमचं झालं. डिसेंबर 2014 चा गाड्यांचा गेम, एकट्याने पूर्ण खेळता येईल अशी कथा त्यात होती. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांची डिस्कही निकामी झाली. दुकानातून पैसे मोजून आणलेली वस्तू विकणाऱ्याने नऊ वर्षांनी घरात येऊन मोडून जावी, तसं हे झालं. त्यातून रॉस स्कॉट नावाच्या माणसाने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी केली, आणि युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करताना गेम चालता ठेवा. ते जमतं. ग्रान टुरिस्मो स्पोर्टचे सर्व्हर जानेवारी 2024 अखेर बंद झाले, पण त्याआधी एकट्याने खेळायचा भाग ऑफलाइन करून दिला होता. मला ही मागणी शंभर टक्के पटते, आणि तू अथर्वलाही हे समजावून सांग. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे की असा डिजिटल माल विकताना हा परवाना आहे, मालकी नव्हे, हे स्पष्ट सांगायचं. स्टीमच्या कार्टमध्येही ती ओळ येते. वाचायला सांग त्याला.

म्हणून घेण्याआधी स्टीमच्या पानावर उजवीकडे बघ. तिथे स्टीमखेरीज दुसऱ्या कंपनीचं खातं लागतं किंवा डेनुवो, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, आहे असं लिहिलेलं असतं. प्लेस्टेशनच्या दुकानात ऑनलाइन खेळणं सक्तीचं की ऐच्छिक ते दिलेलं असतं. तिथे डाउनलोड सुरू केलं की परतावा सहसा मिळत नाही, म्हणून आधीच वाच. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, त्या दोन तासांतला पहिला अर्धा तास परीक्षेला दे. गेम नेटवर एकदा पूर्ण सुरू कर, पहिलं सेव्ह होऊ दे. मग बाहेर ये, स्टीमच्या मेनूतून ऑफलाइन जा, संगणक रीस्टार्ट कर, नेटची केबल उपट आणि गेम उघड. उघडला तर पुन्हा नेटवर सुरू करून खेळता खेळता केबल उपट. दोन्ही वेळा बघायचं, कारण काही गेम फक्त दारात विचारतात आणि काही क्षणोक्षणी. डेनुवोवाला गेम एकदा उघडला की बराच काळ ऑफलाइन चालतो, पण गेमला अपडेट आलं किंवा प्रोसेसर बदलला की पुन्हा नेट मागतो, त्यामुळे गावी जायच्या आदल्या दिवशी एकदा उघडून ठेवावा. पीएस5 वर कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन खेळ हे सेटिंग चालू आहे ना ते बघ. दुसऱ्याच्या कन्सोलवर ते दिलेलं असेल तर नेट जाताच कुलूप दिसतं.

जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येतो, तो कुणाला विचारत नाही. द विचर 3, सायबरपंक 2077 असे मोठे गेमही तिथे आहेत. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने 2020 मध्ये काढलेला राजी हा गेम अथर्वला जरूर दे. एकट्याने खेळायचा आहे आणि आपल्याकडची चित्रं-देवळं त्यात फार मनापासून उतरवली आहेत.

राखीला ताई साताऱ्याला येणार आहे, तिच्याबरोबर माझी हार्डडिस्क पाठवतो. तुझ्या यादीतले माझ्याकडचे स्टीमचे गेम त्यात असतील, म्हणजे तुला शेकडो जीबी उतरवायला नकोत. कॉमन फोल्डरमधलं गेमचं फोल्डर आणि त्याच्या बाहेरची त्या गेमच्या क्रमांकाची एसीएफ फाइल, दोन्ही अथर्वच्या स्टीमअॅप्समध्ये त्याच जागी टाक, स्टीम बंद असताना. मग स्टीम उघडून फाइल्स तपासायला लाव. फरक असेल तेवढाच भाग उतरेल. अर्थात गेम त्याच्या खात्यावर घेतलेला असायला हवा. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, ती फॅट32 करू नकोस, त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

पिंगचे आकडे आणि राउटरच्या अडॅप्टरचा फोटो रविवारपर्यंत पाठव, मग यूपीएस इथून गणपती पेठेतून घेऊन ताईकडेच देतो. काकांना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझाच,
मिलिंद