टिटवी उगाच ओरडत नाही

संपादक महोदय,
मार्च-एप्रिलात कृष्णेचं पाणी उतरलं की हरिपूरच्या संगमाकडं फिरायला येणारे वाढतात, पोरं बाईक थेट पात्रात घालतात, रील्स करतात, सोबत एखादं मोकळं कुत्रं असतंच. आणि नेमक्या ह्याच दिवसांत टिटवी, नदी सुरय असले पक्षी उघड्यावर वाळूत नायतर खड्यांत अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसती खळगी, अंडी मातकट ठिपक्यांची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. पक्षी उठवला की अंडी उन्हात भाजतात, म्हणून तर टिटवी पोट पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हे आपल्याला पाठ, पण ती बसलीय कुठं हे कोण बघत नाही! नदी सुरय तर २०२० पासून जगातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

अमेरिकेत पायपिंग प्लोव्हर नावाच्या चिमुकल्या पक्ष्यासाठी किनाऱ्यावर सीझनपुरती माणसं नेमतात. दोरी बांधायची, बोर्ड लावायचा, लोकांना लांबूनच पिल्लू दाखवायचं, कुत्र्याला पट्टा घाला म्हणून गोडीत सांगायचं. दंडापेक्षा पिल्लू दाखवलेलं जास्त लागू पडतं असं मला तरी वाटतं. आपल्याकडं मेपर्यंत कॉलेजची चार पोरं रोजंदारीवर घेऊन शनिवार-रविवार नदीकाठी उभी केली तर असा कितीसा खर्च येणार? मी रिटायर्ड माणूस, सकाळी सहा ते नऊ फुकट उभा राहीन, फक्त एक टोपी आणि दुर्बीण द्या.

– एक वाचक, सांगली